किरकोळ पाणी

मराठी साहित्यात पाऊस उदंड आहे, परंतु त्याची दोनच रूपे आपल्या विशेष परिचयाची आहेत. एक बालकवींच्या श्रावणाचे. त्याला आपण खिडकीतून किंवा माळावरून पाहतो. दुसरे महापुराचे, त्यात घरेदारे, गुरेढोरे, माणसे वाहून जातात आणि मागे उरलेल्यांच्या जिद्दीची कविता होते. या दोहोंच्या मध्ये एक तिसरा पाऊस आहे. तो संध्याकाळी दीड-दोन तास कोसळतो, तळमजल्यावरच्या घरांत घोटाभर पाणी आणून सोडतो आणि निघून जातो. भिंत पडत नाही, माणूस दगावत नाही. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात आतल्या पानावर एक वाक्य येते: सखल भागांत पाणी साचले, काही घरांत पाणी शिरल्याने नागरिकांची तारांबळ उडाली. तिसऱ्या दिवशी जनजीवन पूर्ववत झालेले असते.

या तिसऱ्या पाण्याला आपल्या लेखनात जागा नाही, ही तक्रार वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. आमचे म्हणणे असे की, त्याला नेमके शब्द नाहीत म्हणून त्याची नोंद होत नाही. आणि नोंद होत नाही म्हणून त्याचे उत्तरदायित्वही कोणाकडे जात नाही. मराठीच्या अध्यापकांनी या चिखलात उतरण्याचे प्रयोजन एवढेच.

प्रथम त्या बातमीतल्या वाक्याकडेच पाहू. 'सखल भाग' या शब्दप्रयोगात एक गृहीतक दडलेले आहे. जमीन मुळातच खोलगट, पाणी उताराकडे धावणारच, तेव्हा तिथे राहणाऱ्यांनी ते सोसावे. काही ठिकाणी हे खरेही असेल. परंतु शहरांतले पुष्कळसे सखल भाग निसर्गाने केलेले नाहीत. जुन्या घराला जोते असे. तीन-चार पायऱ्या चढून ओसरीवर जावे लागे, आणि त्या पायऱ्या केवळ शोभेसाठी नव्हत्या. पुढे रस्त्यावर डांबराचा एक थर आला. काही वर्षांनी तो न खरवडता त्यावर दुसरा थर आला, मग तिसरा. नंतर काँक्रीट आले. घर आपल्या जागी राहिले, रस्ता तेवढा वर येत गेला. आम्ही दोघे पुण्यात एका ओढ्यापासून हाकेच्या अंतरावर, तळमजल्यावर राहतो. आमची इमारत बांधली गेली तेव्हा रस्त्यावरून दोन पायऱ्या चढून फाटकात यावे लागे, असे जुने रहिवासी सांगतात. आज एक पायरी उतरावी लागते. आमचा भाग सखल आहे हे खरेच. तो सखल केला गेला, हे अधिक खरे.

क्रियापदांचीही तीच कथा. पाण्याच्या हालचालीसाठी मराठीत किती बारकाईने शब्द घडले आहेत! पाणी ठिबकते, गळते, झिरपते, पाझरते, मुरते, साचते, तुंबते, चढते, ओसरते. यातला प्रत्येक शब्द आपल्याबरोबर कारण घेऊन येतो. 'साचले' म्हणताना खळगा आणि पाणी या दोनच गोष्टी डोळ्यांपुढे येतात. 'तुंबले' म्हटले की मध्ये अडथळा आला: गाळाने भरलेले गटार, प्लास्टिकने बुजलेली जाळी, नाल्याच्या पात्रात आलेली भिंत. अडथळा आला की तो कोणी केला, कोणी काढायचा होता, हे प्रश्नही मागोमाग येतात. बातमीत 'साचले' लिहावे की 'तुंबले', ही म्हणून केवळ शैलीची बाब राहत नाही. आणि 'मुरणे'? कुठेतरी पाणी मुरते आहे, असे आपण संशयाने म्हणतो. आजच्या शहराची अडचण नेमकी उलटी आहे. अंगणात फरशी, पदपथावर सिमेंटचे ठोकळे, वाहनतळावर काँक्रीट; पाणी कुठेच मुरत नाही. ते आपल्याकडे येते.

शब्दांनंतर आकड्यांकडे वळू. साहित्याच्या माणसांना आकड्यांचे वावडे असते, पण हा हिशेब सोपा आहे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. दोनशे चौरस मीटरच्या गच्चीवर साठ मिलिमीटर पाऊस झाला, तर बारा हजार लिटर पाणी जमते. उन्हाळ्यात आपण मागवतो त्या दहा हजार लिटरच्या टँकरहून अधिक. हे पाणी गच्चीवरून उतरणाऱ्या नळांतून सरळ तळमजल्याच्या अंगणात येते. अशा प्रसंगानंतर गृहसंस्थेची सभा भरते आणि हा तळमजल्याचा प्रश्न आहे, त्यांनी त्यांचे पाहावे, असे वरच्या मजल्यावरून ऐकू येते. त्या सभेत आम्ही आता हाच गुणाकार मांडतो. गच्ची सर्वांची, तर गच्चीवरचे पाणीही सर्वांचे. ते शोषखड्ड्यात न्यायचे की गटाराला जोडायचे, त्याचा खर्चही सर्वांचा.

दुसरा हिशेब घरातला. दहा फूट लांब, दहा फूट रुंद खोलीत दोन इंच पाणी म्हणजे सुमारे ४७० लिटर. पंधरा लिटरची बादली काठोकाठ भरली तरी तीसहून अधिक खेपा. आणि दोन इंच पाण्यातून बादली काठोकाठ भरत नाही. सुपडीने किंवा ताटलीने ओंजळ-ओंजळ भरावे लागते. अशा दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. 'किरकोळ' हा शब्द ज्याने योजला, त्याने या खेपा मोजलेल्या नसतात.

खेपा कोण घालते, हेही पाहण्यासारखे आहे. गेल्या पावसाळ्यात आमच्या इमारतीत चार घरांत पाणी आले. ते दारातून आलेच नाही. रस्त्याखालचे गटार भरून गेल्यावर मोरीच्या जाळीतून ते उलटे वर आले, काळपट, दुर्गंधीयुक्त. पहिला अर्धा तास सर्वांची धावपळ समान होती. पुढे रात्र चढत गेली तशी विभागणी स्पष्ट झाली. बहुतेक ठिकाणी पुरुषांच्या हाती फोन होते आणि बायकांच्या हाती पोतेरे. पाणी उपसण्यात चढाओढीचा थोडा उत्साह तरी असतो. त्यानंतरची कामे तशी नसतात. फरशीवरचा चिकट थर तीनदा धुणे, गोधड्या पिळणे, धान्याच्या डब्यांची बुडे पुसणे, ओल्या कपाटांचे खण उन्हात मांडणे आणि ऊन नसेल तर पुन्हा आत घेणे, ही कामे आठवडाभर चालतात. त्यांना प्रेक्षक नसतो आणि शेवटही नसतो.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी आल्या. त्या ओढ्याच्या काठच्या वस्तीत राहतात. आज यायला नको होते, असे आम्ही म्हणालो. त्यावर त्या म्हणाल्या, "घरातलं पाणी अजून उतरलं नाही ताई, तोवर तुमचं उरकून घेते." आमच्या घरात पाणी घोटाभर होते, त्यांच्या घरात गुडघाभर, आणि एकाच शब्दात सांगायचे तर दोन्ही 'किरकोळ'. दोन इंच पाणी सर्वत्र दोनच इंच असते, पण खाटेवर झोपणाऱ्याच्या घरातले दोन इंच आणि जमिनीवर अंथरूण घालणाऱ्याच्या घरातले दोन इंच यांत एका रात्रीचे, आणि पुढच्या कित्येक दमट रात्रींचे अंतर आहे.

शासकीय भाषेचे मोजमापही पाहण्याजोगे आहे. २०१५ साली केंद्राने ठरवलेल्या आपत्तीविषयक निकषांत कपडे आणि भांडी यांच्या नुकसानीसाठी मदत होती. परंतु घर पडलेले किंवा वाहून गेलेले नसेल, तर ते दोन दिवसांहून अधिक काळ पाण्यात असले पाहिजे, अशी अट होती. पुढे राज्य सरकारने काही प्रसंगी ती शिथिल केली. तरी त्या अटीमागची समजूत बोलकी आहे: जे पाणी एका रात्रीत ओसरले, त्याने काही नेले नाही. नदीकाठच्या शहरांत पाटबंधारे खाते दोन पूररेषा आखते. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची. दर दोन पावसाळ्यांआड मोरीतून वर येणारे पाणी मात्र कोणत्याच रेषेत बसत नाही, कारण ते नदीचे नसते. ते गटाराचे असते.

मोठ्या आपत्तींचे स्मरण आपण ठेवतो, ते योग्यच. १२ जुलै १९६१ चा पानशेतचा प्रलय पुणे विसरलेले नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच वेळी कुलाब्यात शंभर मिलिमीटरही पडला नाही, हे मुंबईला पाठ आहे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने पुण्यात माणसे नेली. परंतु या मोठ्या तारखांच्या आधी लहान तारखा असतात. ओढ्याचे पात्र अरुंद होत जाते, पाणी आधी अंगणात येते, दुसऱ्या वर्षी उंबरठ्याला लागते, तिसऱ्या वर्षी आत येते. या पायऱ्या कोणी टिपून ठेवत नाही. म्हणून एके रात्री भिंत कोसळते तेव्हा ती अचानक कोसळली असे आपण म्हणतो.

येथे कुसुमाग्रजांच्या 'कणा' या कवितेचा विचार टाळता येणार नाही. मराठी घरात शिरलेल्या पुराचे हे बहुधा सर्वांत लोकप्रिय चित्र. पावसात भिजलेला जुना विद्यार्थी शिक्षकांकडे येतो, नदी घरी येऊन काय काय घेऊन गेली ते हसतमुखाने सांगतो. शिक्षकांचा हात खिशाकडे जाताच पैसे नको म्हणतो आणि पाठीवर हात ठेवायला सांगतो. कोठे पूर आला की ही कविता आपल्याला आठवते. वर्गात आम्हीही ती आवर्जून वाचतो, आणि तिच्या थोरवीबद्दल आमच्या मनात शंका नाही. शंका आहे ती तिच्या वाचनाबद्दल. कवितेत एक जागा अशी आहे, जिथे तो विद्यार्थी बायकोला बरोबर घेऊन भिंत पुन्हा उभी करण्याबद्दल आणि घरातला चिखलगाळ काढण्याबद्दल सांगतो. वक्ता या जागेवरून घाईने पुढे जातो, कारण त्याला शेवटच्या टाळीची ओढ असते. आपल्या वाचनपरंपरेने या कवितेतून काही न मागणारा पूरग्रस्त तेवढा उचलला. मदत नाकारणारा मनुष्य कवितेत उदात्त असतो. व्यवहारात तो प्रशासनाला फार सोयीचा असतो. शिवाय, ज्याची भिंत पडली त्याच्या पाठीवर हात ठेवणारा कोणी तरी भेटतो. ज्याची फक्त फरशी चिकट झाली, त्याने कोणत्या सरांकडे जावे?

यावर एक आक्षेप संभवतो. साहित्याने बादल्या आणि पोतेरी मोजावीत काय? त्याला वार्ताहर आहेत, अभियंते आहेत. आमचे उत्तर असे की, मराठी गद्याचे काही उत्तम क्षण घरातल्या अशाच बारीकसारीक गोष्टींतून आले आहेत. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'तला संसार आपल्याला आजही खरा वाटतो, तो त्यातल्या भांड्याकुंड्यांमुळे आणि रोजच्या ओढाताणीमुळे. दुर्गाबाई भागवतांनी 'ऋतुचक्रा'त झाडापानांच्या बदलांकडे ज्या सावधपणे पाहिले, तीच नजर भिंतीकडे वळवता येईल. पाणी जिथवर चढले त्याच्या वर वीतभर ओल कशी चढत जाते, महिनाभराने तिथे पांढरा लोणा कसा धरतो, प्लायवूडचे कपाट तळाशी कसे फुगते, दार चौकटीत कसे अडते, हे सर्व पाहणे ऋतू पाहण्याहून वेगळे नाही. घराचाही एक पावसाळा असतो, आणि तो ऑक्टोबरात संपत नाही.

आता थोडे व्यवहाराचे, कारण केवळ चिंतन करून फरशी कोरडी होत नाही. पाणी घरात येऊ लागताच विजेचे मुख्य बटण बंद करावे. मात्र त्यासाठी पाण्यात उभे राहावे लागणार असेल, तर त्याला हात न लावता बाहेरून वीज तोडण्याची व्यवस्था करावी. गॅसचा रेग्युलेटर बंद करावा. मोरीच्या आणि न्हाणीच्या जाळ्यांवर वाळूने भरलेल्या घट्ट पिशव्या ठेवाव्यात. सवड मिळताच त्या वाहिनीवर पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप बसवून घ्यावी. बाहेरची पातळी घरातल्या पातळीहून उंच असेतो उपसणे व्यर्थ आहे. तो वेळ सामान वर चढवण्यात घालवावा. साफसफाईपूर्वी प्रत्येक खोलीची छायाचित्रे घ्यावीत. जमिनीखालच्या टाकीत ते पाणी गेले असेल, तर ती पूर्ण उपसून, घासून, क्लोरीनने शुद्ध केल्याखेरीज वापरू नये. भिजलेला फ्रीज किंवा मिक्सर वीजतंत्र्याला दाखवल्यावाचून सुरू करू नये. पायाला जखम असताना अशा पाण्यात वावरावे लागले, तर लेप्टोस्पायरोसिसचा धोका लक्षात घेऊन लगेच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. भिंत आतून वाळेपर्यंत रंग देऊ नये. तो पैसा पाण्यात जातो, आणि येथे हा वाक्प्रचार शब्दशः खरा आहे.

पुस्तकांबद्दल वेगळे सांगायला हवे, कारण हा लेख वाचणाऱ्या बहुतेकांच्या घरी सर्वांत खालच्या फळीवर जाड ग्रंथच असतात. भिजलेले पुस्तक जोर लावून उघडू नये. दर काही पानांनंतर कोरा टिपकागद घालावा, तो वारंवार बदलावा, आणि पुस्तके पंख्याच्या वाऱ्यात उभी ठेवावीत. कडक उन्हात कागद वेडावाकडा होतो. गुळगुळीत कागदाची पाने एकदा चिकटून वाळली की सुटत नाहीत, म्हणून ती आधी हाती घ्यावीत. दोन दिवसांत बुरशी धरू लागते. सगळी पुस्तके एकदम वाळवणे शक्य नसेल, तर उरलेली पिशवीत गुंडाळून फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवावीत आणि सवडीने काढावीत. ग्रंथसंरक्षक हीच पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरतात.

शेवटी एक सूचना, विशेषतः पदव्युत्तर वर्गांना शिकवणाऱ्यांसाठी. प्रत्येक तळमजल्याच्या घरात पाण्याची एक वही असावी. त्यात तारीख, वेळ, पाणी कोठून आले, किती बोटे चढले, किती तासांनी उतरले, काय भिजले, कोणी उपसले आणि कोणाला कळवले, एवढेच लिहावे. विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून आपापल्या वस्तीतल्या दहा घरांच्या अशा नोंदी करायला सांगाव्यात, आणि त्या घरांतल्या बायकांकडून ऐकून, त्यांच्याच शब्दांत. वऱ्हाडात, कोकणात, कोल्हापुराकडे या पाण्याला आणि या कामाला कोणते शब्द आहेत, ते त्यातून कळेल; बोलींच्या अभ्यासासाठी ही सामग्री मोलाची ठरेल. त्याच वह्या प्रभाग कार्यालयातही नेता येतील. एका घराची तक्रार किरकोळ ठरते. चाळीस घरांच्या, तीन पावसाळ्यांच्या, तारखेसह केलेल्या नोंदी किरकोळ ठरवणे अवघड जाते. त्या नोंदींत मावशींच्या वस्तीची पाने सर्वांत आधी असावीत. त्यांच्या घरातले पाणी सर्वांत शेवटी उतरते.

पुढच्या पावसाळ्यात पाणी येईल तेव्हा वहीत निदान एवढे तरी नेमकेपणाने लिहू या: पाणी साचले नाही, तुंबले.